एकाच बाजूने उघडणारे दार

सोमवारी सकाळी आम्ही प्रयोगशाळा उघडली आणि पायाखाली पाणी लागले. भेटीला येणाऱ्या शाळकरी मुलांना दाखवण्यासाठी खिडकीपाशी काचेच्या टाकीत गप्पी मासे पाळले होते. टाकीत जेमतेम दोन बोटे पाणी उरले होते. निम्मे मासे वाचले, निम्मे गेले. काचेला कुठे चीर नव्हती, पण खालच्या फळीवर ठेवलेला हवेचा पंप पाण्याने भरला होता. रविवारी वीज गेली होती. ती परत आली तेव्हा नुसता फ्यूज उडाला, एवढ्यावरच निभावले.

काय घडले असेल? हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. पंप चालू असतो तोवर नळीत हवेचा दाब असतो आणि पाणी नळीत शिरू शकत नाही. पंप थांबला की पाणी नळीतून वर चढू लागते. झोका जसा मधोमध थांबत नाही, पुढे जातो, तसे हे पाणीही कधी कधी टाकीतल्या पातळीपेक्षा थोडे वर जाते. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर तेवढी उसळी पुरते. एकदा काठावरचे वळण ओलांडून पाणी पलीकडे उतरले की नळीची वक्रनलिका होते, म्हणजेच सायफन. मग टाकी रिकामी होत जाते. वक्रनलिकेचा प्रयोग आम्ही मुलांना कितीदा तरी करून दाखवला होता, आणि पंप मात्र टाकीच्या खाली ठेवला होता!

आमच्यातल्या एकाने शंका काढली, "पंपातच झडपा असतात. त्यांनी पाणी कसे अडवले नाही?" आम्ही पंप उघडला. आत एक विद्युतचुंबक, त्याच्यापुढे थरथरणारी दांडी, दांडीला जोडलेला रबरी पडदा आणि रबराच्या दोन इवल्याशा झडपा. एक झडप हवा आत घेते, दुसरी बाहेर सोडते. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, तेवढ्याच वेळा पडदा हलतो. म्हणजे दिवसाला सुमारे ४३ लाख वेळा झडप उघडते आणि मिटते. आपले हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देते, त्याच्याशी तुलना करून पाहा. इतक्या चपळ झडपेचे रबर पातळ आणि हलके ठेवावे लागते. ते झिजते, कडा वळतात, आणि थोडीशी फट पाण्याला पुरते. हवा ढकलणे हे तिचे काम; पाणी थोपवण्यासाठी वेगळा पहारेकरी हवा.

असे एकाच बाजूने उघडणारे दार माणसाला फार पूर्वीच सुचले होते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया शहरात टेसिबियस नावाचा यंत्रज्ञ होऊन गेला. त्याच्या पंपात दोन नळकांडी, दोन दट्ट्ये आणि झडपा होत्या. दट्ट्या वर ओढला की खालची झडप उघडून पाणी आत येई. दाबला की ती मिटे आणि पाणी दुसऱ्या झडपेतून वर जाई. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन लेखक व्हिट्रुव्हियस याने या पंपाचे वर्णन लिहून ठेवले. हेरॉनने पुढच्या शतकात असाच पंप आग विझवण्यासाठी वर्णिला. इतके लांब जायचे नसेल तर लोहाराचा भाता किंवा बाजाची पेटी पाहा. भात्याच्या भोकावर आतून लावलेली कातड्याची पट्टी हीच ती झडप.

माणूस यंत्रांत झडपा बसवत होता, पण स्वतःच्या शरीरातल्या झडपांचा अर्थ त्याला फार उशिरा कळला. इटलीतल्या पादुआ येथे फॅब्रिशियस हे शरीररचनेचे नामांकित अध्यापक होते. शिरांमधल्या झडपांवर त्यांनी १६०३ मध्ये पुस्तक लिहिले आणि त्यांना 'छोटी दारे' असे नाव दिले. रक्त हातापायांत साचू नये, त्याचा वेग मंदावावा म्हणून ही दारे आहेत, असे त्यांना वाटले. त्यांनी दारे अचूक पाहिली, पण ती कोणत्या बाजूला उघडतात याला महत्त्व दिले नाही.

त्यांचा विद्यार्थी विल्यम हार्वे १६०२ मध्ये पादुआहून डॉक्टर होऊन इंग्लंडला परतला. रक्ताभिसरणाची कल्पना कशी सुचली, असे रॉबर्ट बॉइल यांनी त्याला पुढे विचारले, तेव्हा त्याने शिरांमधल्या झडपांचाच उल्लेख केला. सगळी दारे हृदयाच्या दिशेने उघडत असतील, तर शिरांमधले रक्त तिकडेच जाणार! शिवाय अर्ध्या तासात हृदयातून जाणारे रक्त सबंध शरीरातल्या रक्तापेक्षा जास्त भरते, असा हिशेब त्याने मांडला. एवढे रक्त दरवेळी नवे तयार होणे शक्य नाही, म्हणजे तेच फिरत असले पाहिजे. १६२८ मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

त्यातला एक प्रयोग वर्गात करता येतो. दंडाला रुमाल सैलसर बांधा. हाताच्या शिरा फुगतात आणि मधे मधे गाठी दिसतात. त्या गाठी म्हणजे झडपा. एका शिरेवर बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे, पुढच्या गाठीच्या पलीकडेपर्यंत रक्त सारा. मधला भाग रिकामाच राहतो, वरून रक्त मागे येत नाही. पहिले बोट उचलताच तो खालून भरतो. रुमाल मिनिटभरातच सोडा.

गावातला हातपंप हे आणखी एक उदाहरण. जालना आणि सोलापूर येथे सुधारलेल्या हातपंपांची या यंत्राच्या इतिहासात खास जागा आहे. सोलापूरच्या पंपाच्या धर्तीवर १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क-२' हा पंप घडला. त्यात एक झडप दट्ट्यात आणि एक तळाशी असते. तळाची झडप गळू लागली की पंप रात्रभरात उतरतो आणि सकाळी बराच वेळ दांडा मारावा लागतो. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळाला तर काय होते, हे शेतकऱ्याची मुले तुम्हालाच सांगतील.

आता पुन्हा टाकीकडे येऊ. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने पाणवनस्पती, मासे आणि गोगलगाय यांचा समतोल साधून टाकी टिकवून दाखवली. त्यात पंप नव्हता. विजेचे पंप आले तसे टाकीत मासे जास्त ठेवता येऊ लागले, आणि वीज गेल्यावरची ही नवी अडचणही आली.

सर्वात खात्रीचा उपाय फुकटचा आहे: पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. तसे जमत नसेल तर नळीत एकमार्गी झडप बसवा. दुकानात ती 'नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह' म्हणून मिळते. घेताना तोंडाने फुंकून पाहा. एका बाजूने हवा सहज जावी, दुसऱ्या बाजूने मुळीच जाऊ नये. झडप उघडायलाही थोडा दाब लागतो. ३० सेंटिमीटर खोल पाण्यात बुडबुडे सोडण्यासाठी पंपाला मुळातच ३० सेंटिमीटर पाण्याइतका दाब द्यावा लागतो. त्यात ताठ स्प्रिंगची झडप बसवली तर लहान पंपाचे बुडबुडे बंद पडतात. अशा पंपाला मऊ रबराची झडप बरी.

झडपेवरचा बाण टाकीकडे असावा. बाण नसेल तर ज्या बाजूने फुंकल्यावर हवा जाते ती बाजू पंपाकडे ठेवा. उलटी बसली तर बुडबुडे येतच नाहीत, त्यामुळे ती चूक लगेच कळते. झडप टाकीबाहेर, शक्यतो पाण्याच्या पातळीच्या वर, नळीच्या चढत्या भागात बसवा. तिथे पाणी क्वचितच पोचते आणि क्षार साचत नाहीत.

आम्ही तशी झडप बसवली आणि निर्धास्त झालो. दोन वर्षांनी वीज गेली आणि फरशी पुन्हा ओली झाली. रबर कडक होऊन झडप अर्धवट उघडीच राहिली होती. सुदैवाने त्या दिवशी आम्ही खोलीतच होतो. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही बटण बंद करून नळीकडे पाहत बसतो. पाणी झडपेच्या पलीकडे गेले तर झडप बदलायची. पंपाचे काम बुडबुड्यांतून रोज दिसते. झडपेचे काम पंप थांबल्यावरच दिसते. हे बटण आता भेटीला आलेल्या मुलांपैकी कोणीतरी बंद करते, आणि नळीतले पाणी कुठवर चढेल यावर आधी पैजा लागतात.