विहिरीकाठची गोष्ट आणि केडगाव

पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म का स्वीकारला, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा वादासाठीच विचारला गेला. मला त्याचे उत्तर त्यांनीच लिहून ठेवलेल्या एका आठवणीत सापडते. १८८३ साली इंग्लंडमध्ये, फुलहॅम येथे, ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना मायेने सांभाळणाऱ्या धर्मभगिनी त्यांनी पाहिल्या. ही माया येते कुठून, असे विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट वाचून दाखवण्यात आली : विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलणारा येशू. आधी आचरण दिसले, मग वचन कळले. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढे केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून वाचवलेल्या मुलीबाळींना त्यांनी आसरा दिला; फुलहॅमसारखेच कृपासदनही तिथे काढले. पण प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा या बायकांच्या पचनी पडणारी नव्हती. म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत नवे भाषांतर केले. त्याची छपाई मुक्तीतल्या स्त्रियांनीच केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाला.

संस्कृत पांडित्यासाठी कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या या बाईंनी निरक्षर म्हणून आलेल्या मुलींसाठी जड शब्द मुद्दाम टाळले. त्यांची श्रद्धा मला या टाळण्यात अधिक दिसते.