अर्जाची छाननी: ग्रामपंचायतीपासून सर्व्हरपर्यंत

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव (मेघे) सारख्या ग्रामपंचायतीत रहिवासी दाखला किंवा नमुना 8 चा उतारा हवा असला, की पूर्वी कागदावर अर्ज करावा लागे. ग्रामसेवक किंवा लिपिक तो समोरच वाचे. सही राहिली, घर क्रमांक चुकला, तर अर्ज तसाच परत. नीट असला तरच आवक नोंदवहीत चढे.

वेबवर लिपिकाऐवजी सर्व्हरवरच्या प्रोग्रामच्या हाती अर्ज देण्याची सर्वमान्य रीत 1993 मध्ये आली. अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेच्या सर्व्हरसाठी ठरलेली ही पद्धत म्हणजे सीजीआय. 'गेट' प्रकारात भरलेली माहिती वेबपत्त्याला जोडून जाते, 'पोस्ट' प्रकारात ती विनंतीच्या आत असते. 1995 मध्ये रास्मुस लेरडॉर्फ यांनी असे प्रोग्राम लिहिण्याची पीएचपी खुली केली. तिच्या सुरुवातीच्या एका नावात 'फॉर्म' हा शब्दही होता. फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्याच्या नावाचा व्हेरिएबल तिच्यात आयता तयार होई. ही सोय पुढे अंगाशी आली. पत्त्यात हवे ते नाव घुसवून कोणीही प्रोग्रामच्या आतल्या किमती बदलू शके. 2002 च्या 4.2 आवृत्तीपासून ती मूळ मांडणीत बंद ठेवण्यात आली, तरी पूर्ण हटायला 2012 उजाडले! रकान्यातला मजकूर जसाच्या तसा डेटाबेसला द्यायच्या एसक्यूएल आज्ञेत जोडण्याचा धोकाही 1998 पासून जाहीर चर्चेत होता. आज्ञा आणि माहिती वेगवेगळी पाठवणे हा त्यावरचा खरा उपाय. ब्राउझरमधली तपासणी अर्जदाराच्या सोयीपुरती असते. ती सहज टाळता येते, म्हणून सर्व्हरवर पुन्हा तपासावेच लागते.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींचे दाखले 2011 च्या 'संग्राम' केंद्रांतून आणि नंतर 'आपले सरकार' सेवा केंद्रांतून संगणकावर आले. मोठी कसोटी लागली ती 2017 च्या कर्जमाफीत. शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरले, पण बँकांकडून आलेल्या माहितीत एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे निघाला. रकान्यातले आकडे मोजून बारा भरतात एवढे पाहून भागत नाही. तो क्रमांक आधी दुसऱ्या कुणाच्या नावावर चढला आहे का, हे डेटाबेसला विचारावे लागते. लिपिकाच्या नजरेला जे खटकले असते, ते प्रोग्रामला नियम म्हणून सांगावे लागते.

गर्दीचा प्रश्न निराळा. सर्व्हर मंदावला की माणूस बटण पुन्हा दाबतो आणि एकाच अर्जाच्या दोन नोंदी पडतात. त्यासाठी प्रत्येक फॉर्मला एकदाच चालणारा क्रमांक देतात आणि अर्ज नोंदवल्यावर ब्राउझरला लगेच दुसऱ्या पानावर वळवतात. मात्र सर्व्हरच दाद देईना, तर या युक्त्याही निरुपयोगी. डिसेंबर 2020 मध्ये ग्रामपंचायत निवडणुकीचे ऑनलाइन अर्ज भरताना तांत्रिक अडचणी आल्या, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने शेवटच्या टप्प्यात कागदी नामनिर्देशनपत्रांना मुभा दिली आणि 30 डिसेंबरची मुदत सायंकाळी साडेपाचपर्यंत वाढवली. ते अर्ज माणसांनी छानले आणि वैध ठरलेल्या उमेदवारांची माहिती त्यानंतर संगणकावर भरण्यात आली.