अटी कोणाच्या? मगनवाडीच्या निमित्ताने

तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातील व्यवस्थापनाची चर्चा निघाली की पुणे-बंगळूरच्या काचेच्या इमारती आठवतात. वर्ध्याची मगनवाडी आठवत नाही. वस्तुतः तीही तंत्रज्ञांचीच कार्यशाळा होती. नेतृत्वाची कसोटी कोणती, हा प्रश्न तिच्या इतिहासातूनही उभा राहतो.

त्याची पूर्वपीठिका १९२९ सालची. अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी मुळातून वाचाव्यात अशा आहेत : यंत्र हलके असावे, हातापायाने चालावे, खेड्यातल्या साध्या घरात मावावे, स्त्रीला त्यावर विशेष श्रम न होता सलग आठ तास काम करता यावे, किंमत १५० रुपयांच्या पुढे जाऊ नये. किर्लोस्करांचे यंत्रही स्पर्धेत उतरले. परंतु सर्व अटींना कोणतेच यंत्र न उतरल्याने बक्षीस कोणालाच दिले गेले नाही. यंत्र कसे घडवावे, हे संघाने कारागिराला सांगितले नव्हते. कोणासाठी घडवावे, एवढेच सांगितले होते. आणि निकालाच्या वेळी त्याने स्वतःचीच अट मोडली नाही.

हीच दृष्टी डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघात आली. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत संघ थाटला गेला आणि तिला दिवंगत मगनलाल गांधींचे नाव मिळाले. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष, तर जे. सी. कुमारप्पा चिटणीस झाले. लंडनमध्ये हिशेबतपासनीसाचे शिक्षण घेतलेला आणि कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस येथे तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन यांच्या प्रयोगांत रमला. खनिज तेलाऐवजी वनस्पतिजन्य तेलावर जळणारा 'मगनदीप' याच वाडीतला. १९३८ मध्ये मगन संग्रहालयही उभे राहिले.

मात्र येथे एक अवघड जागा आहे. संघाच्या सल्लागारांत रवींद्रनाथ, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय, रामन अशी नावे आहेत. आठ तास सूत कातणारी ती स्त्री अटींमध्ये आहे. सल्लागारांच्या यादीत नाही. ती मापदंड झाली, परीक्षक झाली नाही.

मगनवाडीचे श्रेय आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी याच फरकात आहेत. आजच्या काचेच्या इमारतींत 'वापरणाऱ्याचा विचार' हा शब्दप्रयोग वारंवार ऐकू येतो. त्या विचारात वापरणाऱ्याला स्वतःचे मत आहे काय, हे विचारण्यासाठी वर्ध्याचा दाखला पुरेसा आहे.