आधी नोकरी, मग खेळ

रविवारी सकाळी वाकडमध्ये फिरायला निघालं की टर्फवर तासाच्या भाड्याने फुटबॉल खेळणारी मुलं दिसतात. मुलं म्हणायचं इतकंच, बहुतेक सगळे हिंजवडीत नोकरी करणारे आणि तिशी ओलांडलेले. त्यातला एकजण आमच्याच सोसायटीतला, फार सुंदर खेळतो. एकदा त्याला सहज विचारलं, "का रे, खेळातच काही करावंसं वाटलं नाही कधी?" तो हसला. म्हणाला, "काका, आधी नोकरी, मग खेळ."

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. कारण दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधले मोठमोठे फुटबॉलपटूही हेच म्हणायचे. फक्त त्यांचा अर्थ वेगळा होता.

विल्यम केन्यन-स्लेनी हे नाव आपल्याकडे कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. ८ मार्च १८७३ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचा फुटबॉल सामना झाला. आधीच्या वर्षीचा, दोन्ही देशांतला पहिला अधिकृत सामना गोलशून्य सुटला होता. या दुसऱ्या सामन्यात सुरुवातीलाच केन्यन-स्लेनीने गोल मारला, आणि आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधला पहिला गोल म्हणून तोच ओळखला जातो. गंमत म्हणजे या माणसाचा जन्म १८४७ सालचा, आपल्या राजकोटचा! वडील मुंबई इलाख्याच्या सैन्यात अधिकारी होते. त्याच सामन्यात स्कॉटलंडचा पहिला गोल करणारा हेन्री रेनी-टेल्युअरही मसूरीत जन्मलेला.

केन्यन-स्लेनी ईटनला शिकला, मग ऑक्सफर्डला गेला. पुढे ग्रेनेडियर गार्ड्स या पलटणीत अधिकारी झाला आणि १८८२ साली इजिप्तच्या मोहिमेत लढला. १८८६ पासून १९०८ साली मरेपर्यंत तो ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद होता. त्या काळी पैसे घेऊन खेळणं हलकं समजलं जाई. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने खेळाडूंना पैसे द्यायला परवानगी दिली ती थेट १८८५ साली. तोवर खेळायचं ते हौसेने. पण ही हौस परवडायला घरी जमीनजुमला तरी हवा, नाहीतर मोठी नोकरी तरी.

आता जरा इकडे या. वाकडहून वीसेक किलोमीटरवर लष्कर भाग, तिथला पूना क्लब. १८९२ च्या सुमारास तिथे एक सतरा-अठरा वर्षांचा पोरगा खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळ्या लावायचा. पगार महिना चार रुपये. त्याआधी तो पारशांच्या क्लबात तीन रुपयांवर होता. साहेब लोकांना सरावासाठी गोलंदाजी करायचं कामही त्याच्याकडेच. डावखुरा फिरकी चेंडू टाकायचा. तासन् तास गोलंदाजी, पण फलंदाजी मात्र त्याला कुणी दिली नाही. ती साहेबांनी करायची!

हे पळवणकर बाळू. जन्म धारवाडचा, वडील लष्करात शिपाई, जात चांभार. म्हणजे केन्यन-स्लेनी आणि बाळू दोघेही फौजी बापाची मुलं. एकाचा बाप अधिकारी आणि दुसऱ्याचा शिपाई, एवढाच काय तो फरक. आणि "एवढाच" म्हणताना जीभ अडखळते.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांशी जिंकायचं होतं, म्हणून बाळूंना संघात घेतलं. मैदानावर सगळे त्याच एका चेंडूला हात लावत. पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. पुढे ते मुंबईला गेले आणि रेल्वेत नोकरी धरली. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला, तिथे बाळूंनी शंभराच्या वर बळी घेतले.

कप्तानपद मात्र कधीच मिळालं नाही. १९२० साली ते डावलले गेले तेव्हा त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल निषेध म्हणून संघाबाहेर पडले. अखेर १९२३ साली विठ्ठल हिंदूंचे कप्तान झाले. घरात कप्तानपद आलं, पण एक भाऊ उशिरा.

बाळूही पुढे राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ साली मुंबईत काँग्रेसच्या तिकिटावर ते उभे राहिले, समोर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाळू सुमारे दोन हजार मतांनी हरले. यात कोण बरोबर होतं याचा निवाडा करायची माझी पात्रता नाही. मला दिसतं ते इतकंच, की जातीचे चटके दोघांनीही सोसले होते. त्यावरचा मार्ग मात्र दोघांना वेगवेगळा दिसला.

१९५५ साली बाळू गेले.

केन्यन-स्लेनीला खेळाबाहेरचं आयुष्य जन्मतःच मिळालं होतं. खेळ ही वरची साय. बाळूंची गोष्ट उलटी. त्यांच्यासाठी खेळ हीच आधी नोकरी होती, तीही रोलर ओढण्याची. त्या रोलरपासून विधिमंडळाच्या निवडणुकीपर्यंतची वाट त्यांनी एकेक षटक टाकत स्वतः केली. त्यामुळे हरलेली ती निवडणूकसुद्धा मला लहान वाटत नाही.

पुढच्या रविवारी त्या मित्राला हे सगळं सांगितलं. तो बुटाची नाडी बांधत ऐकत होता. मग म्हणाला, "काका, आमच्या या टर्फवर पाणी मारणारा एक पोरगा आहे. आमच्यात कुणी कमी पडलं की त्याला घेतो. जबरदस्त खेळतो हो."

"नाव काय त्याचं?" मी विचारलं.

त्याला माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, वर्षभर तिथून येता-जाता मीही कधी विचारलं नव्हतं.