जपमाळ, प्राणायाम आणि संथ श्वास

मन अस्वस्थ झाले की दीर्घ श्वास घ्यावा, असा सल्ला आज डॉक्टर देतात, समुपदेशक देतात आणि शाळेतील शिक्षकही देतात. आमच्या समाजात मात्र या सल्ल्यापाठोपाठ दोन शंका हमखास उपस्थित होतात. श्वासाची साधना आपल्या श्रद्धेला परकी नव्हे काय, ही पहिली. आणि नुसत्या श्वासाने मनाचा भार खरोखर हलका होतो काय, ही दुसरी. या दोन्ही शंकांची उत्तरे इतिहासात शोधावीत असे आम्हांस वाटते.

पहिल्या शंकेसाठी फार दूर जावे लागत नाही. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत वारा, श्वास आणि आत्मा या तिन्हींसाठी 'रूआख' हा एकच शब्द येतो. चौदाव्या शतकात ग्रीसमधील आथोस पर्वतावरचे मठवासी येशूनामाचा जप श्वासाच्या लयीशी जोडीत असत. पुढे संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिली. त्यात प्रार्थनेच्या तीन पद्धती सांगितल्या असून तिसरी श्वासावर आधारलेली आहे. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेतील एकेक शब्द एकेका श्वासाबरोबर मनात उच्चारावा आणि पुढचा श्वास येईपर्यंत त्या शब्दाच्या अर्थावर, अथवा ज्याला आपण हाक मारीत आहोत त्याच्यावर, चित्त ठेवावे, अशी ती रीत आहे. तेव्हा ही वाट परकी नाही. ती आपल्याच घरातून जाते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर देताना मात्र सावध राहिले पाहिजे. दीर्घ श्वास म्हणजे पुष्कळ हवा, पुष्कळ हवा म्हणजे पुष्कळ प्राणवायू आणि पुष्कळ प्राणवायू म्हणजे शांत मन, अशी साखळी लोकांच्या मनात घट्ट बसली आहे. ती खरी नाही. श्वासाची गती मुख्यतः शरीरातील कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावर ठरते, हे हाल्डेन आणि प्रिस्टली या शास्त्रज्ञांनी १९०५ साली दाखवून दिले. घाबरलेला माणूस भराभर मोठे श्वास घेऊ लागला की हा वायू वाजवीपेक्षा अधिक बाहेर पडतो, मेंदूकडील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, डोके गरगरते, बोटांना मुंग्या येतात आणि माणूस अधिकच घाबरतो. अशा माणसाला "मोठा श्वास घे" एवढेच सांगणे पुरेसे नाही. "सावकाश घे, सावकाश सोड" असे सांगावे लागते.

हीच गोष्ट आपल्या महाराष्ट्रातही तपासली गेली. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योग उपकरणांनी मोजून पाहावा, हा त्यांचा आग्रह होता. प्राणायामात शरीराला जादा प्राणवायू मिळतो, ही प्रचलित समजूत त्यांनी केलेल्या तपासणीत टिकली नाही. आणि ती टिकली नाही हे त्यांनी प्रांजळपणे मांडले. ज्या विद्येवर आपली श्रद्धा आहे तिच्याविषयीची चुकीची स्तुती नाकारण्यास धैर्य लागते. याच लोणावळ्यात पुढे मुंबईत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांची साधना संस्था आली. 'साधना' याच नावाच्या त्यांच्या १९७८ सालच्या पुस्तकात श्वासाकडे लक्ष देण्याचे पाठ आहेत.

मग लाभ कशाचा? २००१ सालच्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रबंध प्रसिद्ध झाला. इटलीतील २३ निरोगी व्यक्तींना त्यांनी लॅटिनमधून जपमाळेची 'नमो मरिया' ही प्रार्थना म्हणावयास लावली, तसाच एक योगमंत्रही. दोन्ही वेळी श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली. प्रौढ माणूस एरवी मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो. रक्तदाबाची स्वतःची एक लहर सुमारे दहा सेकंदांची असते. श्वास तिच्याशी जुळला की हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांचा तोल राखणारी यंत्रणा अधिक तत्पर होते, असे त्यांना आढळले. म्हणजे गुण हवेच्या प्रमाणात नव्हता, संथपणात होता.

याचा अर्थ जपमाळ हे औषध आहे असा नव्हे. शरीराला लाभणाऱ्या शांतीला पवित्र आत्म्याचे सांत्वन समजू नये, असा इशारा रोमने १९८९ सालच्या ख्रिस्ती ध्यानाविषयीच्या पत्रात दिला आहे, आणि तो योग्यच आहे. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. श्वास तेथे सोबती होईल, वैद्य होणार नाही.

तरीही जपमाळेची एक जुनी रीत आम्हांस येथे आठवते. अर्धी प्रार्थना एकाने म्हणावयाची, उरलेली अर्धी इतरांनी. समोरचा म्हणत असतो तेव्हा आपण थांबतो आणि त्या थांबण्यातच आपला श्वास भरून येतो. जेवणाची वेळ झाली म्हणून घाईने माळ ओढली की हे सारे हरवते. आपल्या घरातील, शेजारातील कुणी भीतीने व्याकूळ झाला असता "प्रार्थना कर" असे सांगून आपण पुष्कळदा निघून जातो. त्याऐवजी त्याच्याजवळ बसावे, अर्धी प्रार्थना आपण सावकाश म्हणावी, आणि उरलेली अर्धी तो म्हणेपर्यंत थांबावे.