कठीण पोलाद आणि धारेचा कारागीर

लोहारकाम हा आपल्या ज्ञातीचा पिढीजात व्यवसाय असल्यामुळे स्मरणिकेच्या पानांतून पोलादाचा गौरव नेहमी होतो, व तो यथार्थच आहे. परंतु पोलाद जितके कठीण, तितके त्यास धार लावणे अवघड, ही बाजू बहुधा अलिखित राहते. प्रस्तुत लेखात तिचाच थोडक्यात विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

आपला मराठवाडा १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होता, त्याच राज्यात निजामाबादकडे, आजच्या तेलंगणात, कोनासमुद्रम् हे गाव आहे. तेथील कारागीर मातीच्या मुशीत लोखंड घालीत, मुशीचे तोंड लिंपून ती भट्टीत दीर्घकाळ तापवीत आणि मग सावकाश निवू देत. हे पोलाद नेण्यास इराणचे व्यापारी तेथवर येत, अशी नोंद एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेन्री व्हॉयसी याने केली आहे. अशा दक्षिणी पोलादासच इंग्रज ‘वूट्झ’ म्हणत.

१७९४ साली मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे धाडले. बँक्स यांच्या इच्छेवरून जेम्स स्टोडार्ट या निष्णात कारागिराने त्यातून खिशात मावेल असा लेखणी तासण्याचा चाकू घडविला. अंधारातच दिसावी इतक्या मंद लालीवर त्यास तो ठोकावा लागला. ठिसूळपणा घालविण्यासाठी त्याने पाते सुमारे २३० अंश सेल्सिअसपर्यंत पुन्हा तापविले. धार उत्तम विलायती चाकूच्या तोडीची निघाली. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी हा वृत्तांत सोसायटीपुढे मांडला. पुढे याच स्टोडार्टबरोबर मायकेल फॅरडे यांनी पोलादावर प्रयोग केले. फॅरडे हे लोहाराचे पुत्र होते, हे ज्ञातिबांधवांस कळविताना आम्हांस विशेष आनंद होतो.

आता धारेकडे वळू. या पोलादात कर्बाचे प्रमाण शेकडा दीडच्या आसपास असे. त्यामुळे त्यात अतिशय कठीण कण तयार होत. आपल्या भागातील काळ्या कातळावर घरची विळी घासता येते, पण असे पाते त्यावर नुसते घसरते. त्यासाठी हिऱ्याच्या खालोखाल कठीण असा कुरुंद लागतो. तो दक्षिणेत म्हैसूर व सेलमकडे सापडतो. त्याची पूड लाखेत कालवून साणेचे चाक करीत. एकाने वादी ओढून चाक फिरवावे, दुसऱ्याने पाते धरावे. आधी भरड, मग बारीक, शेवटी चामड्याची पट्टी, असा क्रम असे. दाब हलका हवा आणि घाई मुळीच नको. कोरड्या चाकावर पाते तापले की त्याचा काठ प्रथम पिवळसर व ३०० अंशांच्या सुमारास निळा होतो. स्टोडार्टने २३० अंशांवर राखलेला कठीणपणा तेथे गेलाच म्हणून समजावे. म्हणजे लोहाराने दिवसभर खपून कमावलेले एका क्षणात गमावणे किंवा राखणे धार लावणाऱ्याच्या हाती असते.

हा हात बहुधा शिकलगाराचा होता. ‘सैकल’ म्हणजे झिलई, या अरबी शब्दावरून हे नाव आले. महाराष्ट्रात शिकलगार प्रामुख्याने मुसलमान असून आपली व त्यांची ज्ञात भिन्न आहे. तथापि पात्याचा एक अर्धा आपला असेल, तर दुसरा त्यांचा आहे. स्टोडार्टचे नाव ग्रंथांत राहिले. दख्खनच्या ज्या हातांनी मूस लिंपली आणि ज्यांनी साण धरली, त्यांपैकी एकाचेही नाव आम्हांस ग्रंथांत आढळले नाही. आपलाच गौरव करताना शेजाऱ्याचा वाटा विसरणे हे त्याच अन्यायास हातभार लावण्यासारखे होय.

आज व्हॅनेडियमयुक्त पोलादाचे चाकू निघाले आहेत. त्यांतील कण कुरुंदाहूनही कठीण असतात, म्हणून हिऱ्याची पूड बसविलेल्या पट्ट्या वापराव्या लागतात. साधने बदलली, कठीण पोलादापुढे धीर धरावा लागतो, हा नियम मात्र बदलला नाही.

छत्रपती संभाजीनगरातील व आसपासच्या गावांतील ज्ञातिबांधवांस आमची विनंती आहे. ज्यांच्या घरी भाता चालला, त्यांनी वडीलधाऱ्यांस विचारून पाणी कसे देत, दगड कोठून आणीत आणि धार कोणाकडून लावून घेत, हे लिहून ठेवावे; त्यात शिकलगाराचे नावही आठवणीने लिहावे. भाता विझला तरी ही माहिती विझू नये, एवढीच आमची इच्छा आहे.