जॅक आणि टेकू

‘पद्मिनी’ हे नाव चितोडच्या राणीचे खरे. परंतु ठाण्यास, कल्याणास किंवा डोंबिवलीस आज साठीच्या घरात असलेल्या गृहस्थांपुढे ते उच्चारावे, म्हणजे त्यांस राणीच्या आधी मोटार आठवते. शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1954 पासून इटलीच्या ‘फियाट 1100’ जातीच्या गाड्या होऊ लागल्या. 1974 च्या सुमारास त्याच गाडीस पद्मिनी हे नाव मिळाले, आणि गेले शतक सरता सरता तिचे उत्पादन थांबले. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. तथापि काही घरांत ती अजून आहे. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनी नोंदणीस पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीस ‘विंटेज’ म्हणून वेगळे स्थान दिले. म्हणजे अगदी पहिल्या पद्मिनी आता या मानाच्या पंक्तीस येऊन बसत आहेत.

या मानाची किंमत मालकास द्यावी लागते. गाडी करणारा कारखाना उरला नाही, आणि तिची नस ओळखणारे मिस्त्री एकेक करून हत्यारे खाली ठेवीत आहेत. कल्याण-डोंबिवलीकडे याच कंपनीचा दुसरा कारखाना होता; फ्रेंच कंपनीच्या भागीदारीत गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात तेथे निघालेली ‘प्यूजो 309’ तर काही वर्षांतच बंद पडली. मग हौशी मालक रविवारी सकाळी जुने कपडे चढवून स्वतःच गाडीखाली शिरतो. सुमारे नऊशे किलोंचे लोखंड त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर असते. ते कोणाच्या भरवशावर तेथे राहते, हा प्रश्न त्याने स्वतःस विचारला पाहिजे. त्याचे उत्तर भार उचलण्याच्या इतिहासात आहे, म्हणून तो थोडक्यात पाहू.

भार उचलण्याचे पहिले साधन तरफ. तिची उपपत्ती ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने मांडली. दुसरे साधन स्क्रू. तेराव्या शतकातील फ्रेंच कारागीर व्हिलार द ओनकूर याच्या रेखाटनांच्या वहीत स्क्रूने ओझी उचलण्याचे एक यंत्र काढलेले आढळते. स्क्रूचा गुण असा की, दांडा पुष्कळ फिरवावा तेव्हा ओझे थोडेसे वर येते; पण जे वर आले ते आट्यांमधील घर्षणामुळे सहसा परत खाली घसरत नाही. गाडीच्या डिकीत मिळणारा कात्रीच्या आकाराचा जॅक याच वंशातला होय. त्याचे वैगुण्य निराळेच आहे. त्याचा पाया तळहाताएवढा असतो, आणि बाजूने धक्का लागला की तो कलंडतो.

तिसरे साधन पाण्याचे अथवा तेलाचे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, हे पास्कालने सतराव्या शतकात दाखविले. त्यावरून जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने 1795 साली द्रवदाबाच्या यंत्राचे पेटंट घेतले. यंत्र झाले, पण दट्ट्याच्या कडेने पाणी गळू लागले, आणि दाब टिकेना. दाबानेच फुगून अधिक घट्ट बसणारी चामड्याची वाटी दट्ट्याभोवती बसविली, तेव्हा यंत्र कामाचे झाले. या युक्तीचे श्रेय ब्रामाच्या हाताखालच्या हेन्री मॉडस्ले यास देतात. पुढे 1851 साली न्यू यॉर्कच्या रिचर्ड डजन याने हातात वागवता येईल असा हायड्रॉलिक जॅक केला. आज ठाण्याच्या कोणत्याही गॅरेजात सरपटत फिरणारा चाकांचा जॅक हा त्याचाच वंशज.

या हकीकतीतील चामड्याची वाटी वाचकांनी विसरू नये. चामड्याच्या जागी आता रबर आले, एवढाच फरक. गाडी वर धरून असते ती पोलादाची भुजा नव्हे, तर त्या रबरी कड्याने अडविलेले तेल. कडे झिजले की तेल पाझरते, आणि गाडी हळूहळू खाली येते. कडे फाटले तर हळूहळूही येत नाही. ‘जॅक’ हे इंग्रजीत सामान्य माणसाचे नाव. चाकराचे काम करणाऱ्या अनेक उपकरणांस ते पडले, त्यांतलेच हे एक. चाकराकडून ओझे उचलून घ्यावे. त्याने ते तासन्‌तास डोक्यावर धरून उभे राहावे, अशी अपेक्षा धरू नये.

धरण्याचे काम टेक्याचे. ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. बैलगाडीच्या चाकास वंगण घालावयाचे तर गाडीवान एक बाजू उचलून तिच्याखाली लाकूड लावी, आणि मगच चाक काढी. कल्याणसारख्या रेल्वेच्या गावी रुळावरून घसरलेला डबा उचलताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांस ठाऊक आहे की जॅकने थोडे उचलावयाचे आणि लगेच खाली लाकडी ठोकळे भरावयाचे, हा क्रम तेथे मोडत नाही. मोटारीसाठी पोलादी पायांचे स्टँड मिळतात, ते याच टेक्याचे वंशज. त्यांत तेल नाही, कडे नाही. म्हणून ते विश्वासास पात्र. मात्र तोही विश्वास आंधळा नसावा. 2020 साली अमेरिकेत एका मोठ्या विक्रेत्यास असे लाखो स्टँड परत मागवावे लागले. कारण त्यांतील खुंटी दात्यांवरून निसटू शकत होती.

गेल्या पावसाळ्यात डोंबिवलीच्या आमच्या एका स्नेह्यांवर आलेला प्रसंग येथे सांगणे उचित होईल. त्यांनी सोसायटीच्या आवारात सिमेंटच्या विटांवर जॅक ठेवून पद्मिनीचा मागचा भाग उचलला. हातब्रेक ओढलेला होता, म्हणून ते निश्चिंत होते. परंतु हातब्रेकचा जोर मागच्या चाकांवर. ती अधांतरी झाली की तो असून नसल्यासारखा. शिवाय गाडीचे एक टोक वर जाते ते सरळ रेषेत नव्हे, कमानीत. जॅकला तिच्यासोबत किंचित सरकावे लागते. पावसाने विटांखालची माती भुसभुशीत झालेली. जॅकची चाके रुतली, गाडी पुढे सरली, आणि जॅक आडवा झाला. पाना आणावयास घरात गेले होते, म्हणून आमचे स्नेही वाचले.

तेव्हा नियम थोडे आहेत. जमीन सपाट व कठीण असावी. जी चाके जमिनीवर राहणार, त्यांस दोन्ही अंगांनी पाचरी माराव्यात. जॅकची चाके मोकळी फिरू द्यावीत. पद्मिनीस निराळी चौकट नाही, पत्र्याचा सांगाडा हीच तिची चौकट. आणि कोकणच्या दमट हवेत दारांखालचा पत्रा आतून कुजलेला असतो. म्हणून टेकू कुजक्या पत्र्यास न लावता मागच्या आसाखाली अथवा पुढच्या भक्कम आडव्या तुळईखाली, जोडीने लावावेत. जॅक हलकेच सैल करून भार टेक्यांवर उतरवावा, आणि खाली शिरण्यापूर्वी गाडी हाताने जोराने हलवून पाहावी. काढलेले चाक गाडीखाली आडवे सारून ठेवावे. सर्व फसले तरी तेवढी जागा उरते.

आमचे स्नेही आता याप्रमाणे करतात. ते गाडीखाली असताना त्यांच्या पत्नी दर थोड्या वेळाने गॅलरीतून हाक मारतात, आणि खालून ‘ओ’ आल्यावाचून आत जात नाहीत. ही सावधगिरी कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नाही. परंतु तीही टेक्यांतच मोजावी, असे आम्हांस वाटते.